बेसचं माहेर

जुलैत आई इथं इंग्लंडात डर्बीला आली होती तेव्हा तिला हार्डविक हॉल हे चारशे वर्षांपूर्वीचं मोठं घर बघायला घेऊन गेले. तिथं भिंतीवरच्या एका मोठ्या कापडी पडद्यासमोर उभं राहून तिनं मला एक प्रश्न विचारायला सांगितला, खोलीत माहिती द्यायला बसलेल्या बाईंना, इंग्लिशमध्ये. मी विचारला नाही. एवढंच झालं. भांडण नाही, काही नाही, आम्ही बाहेर आलो, चहा प्यायलो, बागेत फोटो काढले, घरी येऊन खिचडी केली. पण आई परत गेल्यावर भांडी घासताना, ट्रॅफिकमध्ये उभी असताना, रात्री मधेच जाग आली की तो क्षण पुढ्यात यायचा. आईनं हवेत अंगठा आणि तर्जनी जुळवून सुई धरल्यासारखं करून दाखवलं, त्या बाई हसून खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि मी आईच्या दंडाला धरून तिला पुढं नेलं. दंडाला धरून. हे जे मी केलं ना, ते मला फार लागून राहिलं.

तशी मला जुन्या वास्तू बघायची खोड लहानपणापासूनची. शाळेच्या सहली गडांवरच जायच्या, अजिंक्यताऱ्यावर तर किती वेळा गेले असेन, आणि मला सनावळ्या पाठ करायला मनापासून आवडायचं, कोण कधी गादीवर बसलं, कुठला तह कधी झाला, हे सगळं माझ्या वहीत रकाने आखून लिहिलेलं असायचं. इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची, मेंबरशिप घेतली आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा कासल, एखादा मॅनर असं सुरू झालं. हॅडन हॉल झाला, बोल्सओव्हर झाला, केनिलवर्थ झाला. विंगफील्ड मॅनरच्या पडक्या भिंती बाहेरून बघितल्या, स्कॉटलंडच्या मेरी राणीला तिथं कैदेत ठेवलेलं म्हणून. प्रत्येक ठिकाणी मी तेच करायचे, फलक वाचायचा, साल बघायचं, कुठला राजा, कुणाचा वंशज, मनात रकाना भरायचा आणि पुढची खोली. दहा वर्षांत एवढी घरं बघितली, आणि एकाही घरात मी जमिनीवर काय अंथरलंय ते वाकून बघितलं नव्हतं. आईनं बघितलं. आत शिरल्या शिरल्या वाकली आणि हाताचा पंजा न टेकवता जवळ नेऊन म्हणाली, "लव्हाळ्याची चटई आहे गं ही. वास बघ, सुकल्या गवताचा."

हार्डविक हॉल एम-वन या मोटरवेवरून दिसतो. तुम्ही नॉटिंगहॅमकडून वर जात असाल तर जंक्शन २९ यायच्या आधी उजवीकडे टेकडीवर सहा मनोरे दिसतात, आणि त्या मनोऱ्यांच्या डोक्यावर दगडात कोरलेली ईएस ही अक्षरं, वर मुकुट. एलिझाबेथ श्रूझबरी. लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. आईनं गाडीतूनच विचारलं की ही कुणाची नावं लिहिलीयत, राणीची का? म्हटलं नाही, घर बांधणाऱ्या बाईची. मग रस्ताभर मी तिला बेसची गोष्ट सांगितली. साध्या जमीनदार घरातली मुलगी, वडील लहानपणीच गेले, हुंडा जेमतेम. पहिलं लग्न अगदी कोवळ्या वयात झालं आणि नवरा लवकरच गेला, तर या पोरीनं आपल्या हक्काच्या वाट्यासाठी सासरच्यांविरुद्ध कोर्टात दाद मागितली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, त्याच्यापासून आठ मुलं, त्यातली सहा जगली. तिसरा सेंट लो, तो आपली सगळी मिळकत तिच्या नावावर करून गेला. चौथा अर्ल ऑफ श्रूझबरी, इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक, ज्याच्याकडे एलिझाबेथ राणीनं मेरीला कैदेत ठेवायला दिलं होतं, आणि पंधरा वर्षं मेरीच्या बडदास्तीचा खर्च करून करून आणि संशय घेऊन घेऊन तो आणि त्याचं लग्न दोन्ही मोडकळीला आलं. चॅट्सवर्थचं मोठं घर कुणाचं यावरून नवराबायकोत जाहीर भांडण झालं, आणि १५८४ मध्ये बेस तिथून निघाली आणि हार्डविकला आली, जिथं ती जन्मली होती. तिचा भाऊ कर्जात बुडून दिवाळखोर होऊन मेला होता, ती जमीन आणि ते घर तिनं आदल्याच वर्षी विकत घेऊन ठेवलं होतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हिनं माहेर विकत घेतलं?"

मी हो म्हटलं आणि इंडिकेटर दिला. तेव्हा मला त्या प्रश्नातलं काही ऐकू आलं नाही. आता येतं. आईचं माहेर कोरेगावच्या बाजूचं, एका छोट्या गावात तीन चौकांचा वाडा होता, मी बघितला तेव्हा दीडच उरला होता पण तोसुद्धा मला राजवाड्यासारखा वाटायचा. दिंडी दरवाजा, देवडी, दोन्ही बाजूंना सोपा, माजघरात दुपारीसुद्धा अंधार, आणि त्या अंधारात चुन्याच्या भिंतीला पाठ लावून बसलं की उन्हाळ्यातपण गार वाटायचं. कडीपाटाला लटकवलेल्या शिंक्यात दह्याचं गाडगं. त्या सोप्यात बसून आजी आणि गल्लीतल्या दोन बायका वाकळा शिवायच्या, आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. २००३ ला मोठ्या मामानं आईला आणि दोन्ही मावश्यांना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत हक्क मिळाला त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती, पण कायदा कायद्याच्या जागी आणि माहेर माहेराच्या जागी, बहिणींनी वाटा मागितला तर माहेर तुटतं, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं, बहिणींनासुद्धा. आईनं सही केली. मामानं तिघींना साड्या दिल्या, आईच्या वाट्याला निळी इरकल आली, लाल काठांची. सहा वर्षांनी वाडा पाडला, सागवानी खांब आणि तुळया एका व्यापाऱ्यानं ट्रक भरून नेल्या, आता तिथं मामाच्या मुलाचं दोन मजली स्लॅबचं घर आहे. आई अजून दिवाळीला जाते तिथं, हसतखेळत जाते. पण ती इरकल तिनं कधी नेसल्याचं मला आठवत नाही. ट्रंकेत तळाला होती, डांबराच्या गोळ्या टाकून.

तर हार्डविक. हे घर बांधायला घेतलं १५९० ला आणि बेस राहायला आली १५९७ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हा ती सत्तरीच्या आसपास होती. शेजारीच आणखी एक घर आहे, जुना हॉल, तो पण तिनंच माहेरच्या जुन्या घराच्या जागेवर बांधायला घेतलेला, तो पुरा होतो न होतो तोच श्रूझबरी वारला, विधवेच्या वाट्याचा पैसा हातात आला, आणि तिनं शंभर पावलांवर दुसरं, अजून मोठं घर सुरू केलं. जुना आता पडका आहे, वर आभाळ आहे. नवा जसाच्या तसा. या घराबद्दल इकडं एक जुनी म्हण आहे, भिंतीपेक्षा काचच जास्त. त्या काळात काच म्हणजे केवढी महाग गोष्ट, आणि बाईनं अख्ख्या भिंतीच्या भिंती काचेच्या केल्या, वरवर जावं तशा खिडक्या मोठ्या होत जातात, कारण मजल्यांची उंचीसुद्धा वाढत जाते. खाली नोकरचाकर, मधे घरची माणसं, आणि सगळ्यात वर राजेशाही दालनं. दगडी जिना घरातून वळत वळत वर जातो, रुंद, उथळ पायऱ्यांचा, आईचे गुडघे दुखतात तरी ती एका दमात चढली. पायऱ्या मधोमध झिजून थोड्या खोलगट झाल्यात, आई त्या खोलगट भागातच पाय ठेवून चढत होती, आपण देवळाच्या पायऱ्या चढतो तशी.

वरच्या मोठ्या दालनात भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात प्लास्टरमध्ये उठावाचं जंगल केलंय, झाडं, हरणं, हत्तीसुद्धा आहे, आणि मधे शिकारीची देवी डायना तिच्या सख्यांसोबत. एके काळी भडक रंगवलेलं असणार, आता रंग विटून जुन्या पोथीच्या पानासारखे झालेत. तिथंच राणी एलिझाबेथचं राजचिन्ह आहे. हा सगळा मजला राणी येईल म्हणून सजवलेला, आणि राणी कधीच आली नाही. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि ही रोज इथं बसायची?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी विचार केला होता तो राणी का आली नाही याचा, राजकारण काय होतं याचा. आई विचार करत होती की रिकाम्या ठेवलेल्या मोठ्या खुर्चीसमोर एक म्हातारी बाई रोज जेवते तेव्हा तिला काय वाटत असेल. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर वाळलेली काटेरी बोंडं ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून ठेवतात, मला हे माहीत होतं पण आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, बरं आहे, पाटी लावून टोचून बोलण्यापेक्षा हे बरं.

लाँग गॅलरीत गेल्यावर मात्र आपोआप आवाज खाली येतो. पन्नास मीटर लांब दालन, एका बाजूला उंच खिडक्या पण उन्हानं कापड विटू नये म्हणून पडदे ओढलेले, त्यामुळे आत सांजवेळेसारखा उजेड, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर एका पाठोपाठ एक प्रचंड विणलेले पडदे, टॅपेस्ट्रीज, सहा-सहा मीटर उंच, तेरा आहेत. बायबलमधल्या गिडियनची गोष्ट आहे त्यांच्यावर. हे मुळात बेसचे नव्हतेच. राणीचा चॅन्सलर सर ख्रिस्तोफर हॅटन, त्यानं १५७८ ला फ्लँडर्समध्ये, म्हणजे आताच्या बेल्जियमकडे, विणून घेतलेले, तो कर्ज करून मेला, आणि १५९२ मध्ये बेसनं त्याच्या वारसाकडून अख्खा संच ३२६ पौंडांना घेतला. आणि त्यावर हॅटनची घराण्याची चिन्हं विणलेली होती, ती बदलून घ्यावी लागणार म्हणून तिनं किमतीतून पाच पौंड कमी करून घेतले. हे ऐकून आईचा चेहरा जो उजळला ना. म्हणाली, "बरोबर आहे की. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घेतलं तर नाव खोडायचे पैसे विकणाऱ्यानंच सोसायला पाहिजेत." आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत, लग्नातली सगळी भांडी नाव घातलेली, तिच्या डोक्यात लगेच ते बसलं. मग बेसनं काय केलं, तर स्वतःचं चिन्ह कापडावर रंगवून घेतलं आणि हॅटनच्या चिन्हावर ते कापड चक्क शिवून टाकलं. आणि हॅटनच्या चिन्हातली हरिणी होती, बेसच्या कॅव्हेंडिश मुलांचं चिन्ह शिंगवालं हरीण, म्हणून त्या हरिणींना वरून शिंगं रंगवली.

हे मी पुस्तकात वाचलेलं, पण याआधी दोनदा येऊनही मला ते प्रत्यक्ष दिसलं नव्हतं. आईला दिसलं. ती कठड्याच्या दोरीपर्यंत गेली, मान तिरकी केली, चष्मा वर सरकवला आणि अशी बघत राहिली जशी ती दुकानात साडीची उलटी बाजू बघते. मग मला बोटानं जवळ बोलावलं. "ते बघ. तिथलं कापड वेगळं आहे. भोवतीचं विणलेलं आहे, तेवढंच गुळगुळीत आहे. ठिगळ आहे ते." आणि एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं, भोवताली लोकरीचा मऊ, खडबडीत पोत आणि मधे एक सपाट तुकडा, एवढ्या मोठ्या दरबारी पडद्यावर लावलेलं ठिगळ, चारशे वर्षं लटकतंय. ज्या बाईनं सहा मनोऱ्यांवर स्वतःची अक्षरं आभाळात उभी केली तिनं घरात मात्र दुसऱ्याचा पडदा ठिगळ लावून वापरला, आणि त्याचे पाच पौंड पण वसूल केले. मला ती तेव्हा पहिल्यांदा माणूस वाटली. त्याआधी ती माझ्या रकान्यातलं एक नाव होती.

एक मनात येतं ते लिहून टाकते. पुण्यात कॉलेजला असताना मी शनिवारवाड्यात तासन्‌तास बसायचे. तिथं जाऊन आपण काय बघतो, तर दिल्ली दरवाजा, तटबंदी, कारंज्याचा हौद आणि गवतातली जोती. इथं गणेश महाल होता, इथं आरसे महाल होता, असं म्हणायचं आणि जोत्यावर उभं राहून वरचे मजले मनात बांधायचे. १८२८ च्या आगीत सगळं गेलं, लाकूड होतं, कापड होतं, कसं राहणार. आणि इथं लव्हाळ्याची चटई, पलंगाचे पडदे, टेबलं, सगळं आहे. १६०१ ला बेसनं मृत्युपत्रासाठी घरातल्या सामानाची यादी करून घेतली, खोलीवार, गाद्या, उश्या, पडदे, कांबळी, आणि त्या यादीतल्या कितीतरी वस्तू अजून त्याच घरात आहेत. मला हेवा वाटतो, खरंच वाटतो. त्यांचं टिकलं याचं वाईट वाटत नाही, पण आपली एक चटई असती, पेशव्यांच्या घरातल्या एखाद्या बाईची एक यादी असती आपल्या हाताशी, किती पांघरुणं होती आणि कुठल्या खोलीत, असं वाटून घशात काहीतरी येतं. कदाचित म्हणूनच मी इतकी वर्षं फक्त सनावळ्या गोळा करत राहिले. जोत्यावर उभं राहिलं की सनावळीच धरता येते, वाकून बघण्यासारखं दुसरं काही उरलेलंच नसतं.

त्या यादीतला बेसच्या झोपायच्या खोलीचा भाग मला सगळ्यात जवळचा. काचेचं एवढं मोठं घर, टेकडीवर, डर्बीशरचा वारा, नुसती थंडी. म्हणून पलंगाला पडदे, वर एकावर एक कांबळी, खिडक्यांवर टाकायला जाड पांघरुणं आणि दारावर टाकायला वेगळं. म्हणजे दिवसा जगाला काच दाखवायची आणि रात्री तीच काच पांघरुणानं बुजवून झोपायचं. याच खोलीत तिची नात आर्बेला झोपायची. आर्बेला स्टुअर्ट, बेसच्या मुलीची मुलगी, वडिलांकडून राजघराण्याचं रक्त, इंग्लंडच्या गादीवर तिचा हक्क सांगता येत होता, आणि त्यामुळेच कुणी पळवून नेईल, कुणी लग्न लावून कट करेल म्हणून आजीनं तिला डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. ती माझ्याच खोलीत झोपते, असं बेसनं राणीच्या मंत्र्याला पत्रात लिहून कळवलं होतं. आईबाप दोघंही लहानपणी गेलेली ती पोर विशीत, पंचविशीत तिथंच, त्याच वाऱ्यात. १६०२ च्या अखेरीस तिनं आजीच्या चोरून स्वतःचं लग्न ठरवायचा प्रयत्न केला, म्हणून १६०३ मध्ये बेसनं तिला मृत्युपत्रातून काढून टाकलं. पुढं १६१० ला तिनं गुपचूप लग्न केलंच, पुरुषाचे कपडे घालून पळून जाताना समुद्रात पकडली गेली, आणि १६१५ ला टॉवर ऑफ लंडनमध्ये वारली. हे आईला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "स्वतः एवढं सोसून पण नातीला मोकळं नाही सोडलं." यात तिनं कुणाला दोष दिला असं मला वाटलं नाही. तिनं नुसतं सांगितलं, एखाद्या ओळखीच्या घराबद्दल सांगावं तसं.

मग तो पडदा. बेसनं चॅट्सवर्थला असताना, १५७० च्या दशकात थोर स्त्रियांचे मोठे पडदे करून घेतले होते, पाच, त्यातले चार टिकले. पेनेलोपी, लुक्रेशिया, झेनोबिया, आर्टेमिसिया. क्लिओपात्राचा गेला. ते विणलेले नाहीत. मखमल, रेशीम, जरीचं कापड आकारात कापून दुसऱ्या कापडावर शिवलेले आहेत आणि कडांना दोरा बसवलाय. आणि ते कापड कुठून आलं, तर इंग्लंडमध्ये मठ बंद पाडले तेव्हा धर्मगुरूंचे जरीचे झगे बाहेर आले, ते उसवून, कापून. पेनेलोपी म्हणजे ग्रीक कथेतली ती नवऱ्याची वीस वर्षं वाट बघणारी, दिवसा विणायची आणि रात्री उसवायची. तिच्या दोन्ही बाजूंना चिकाटी आणि सोशिकपणा अशा दोन बाया उभ्या केल्यात. आई त्यासमोर थांबली ती थांबलीच. झग्यावरच्या जुन्या भरतकामाचा एक तुकडा पेनेलोपीच्या कपड्यात कसा बसवलाय, तिथं नक्षी मधेच कापली जाते आणि दुसरी सुरू होते, ते ती बोटानं हवेत गिरवत होती. म्हणाली, "ही वाकळच आहे गं. चांगल्या घरची, पण वाकळच." आणि मग, "विचार ना त्यांना, हे कुणी शिवलं?"

पार्किंगमध्ये नवरा वाट बघत होता, पाठीमागं माणसं थांबली होती, हे सगळं खरं आहे पण कारण ते नव्हतं. त्या बाईंसमोर हा प्रश्न मला बारीक वाटला. राजघराण्याबद्दल, कटांबद्दल, मेरीबद्दल विचारायचं सोडून शिवलं कुणी. मी म्हटलं, "अगं चारशे वर्षांपूर्वीचं, त्यांना काय माहीत असणार." आईनं मग स्वतःच त्या बाईंकडे बघून सुईची खूण केली. पुढचं वर सांगितलंय.

त्यानंतर तिनं दिवसभरात मला काही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मी एकटीच परत गेले. पाऊस होता, गर्दी नव्हती, ओल्या हवेनं चटईचा वास जुलैपेक्षा जास्त येत होता. त्या पडद्यापाशी वेगळ्या बाई होत्या, वय झालेल्या, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लोकरीची शाल. मी आईचा प्रश्न विचारला, शब्दाला शब्द. त्यांचा चेहरा असा खुलला की बहुतेक हे कुणी फारसं विचारत नाही. म्हणाल्या, माहीत आहे ना. नवराबायकोचं भांडण झालं तेव्हा श्रूझबरीनं या पडद्यांवरपण दावा सांगितला, माझ्या पैशातून झालेत म्हणून. त्याला उत्तर देताना बेसच्या बाजूनं कागदावर लिहून दिलं गेलं की भरतकाम करणारा पगारी कारागीर तिच्याकडे एका वेळी एकच असायचा, बाकी बरंचसं काम तबेल्यातल्या माणसांनी, घरातल्या बायकांनी आणि तिनं पाळलेल्या काही पोरांनी केलं. घोडे राखणारे, बायका, पोरं. रात्री मेणबत्तीत बसून झेनोबियाची बाही शिवणारा मोतद्दार माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी तिथंच कितीतरी वेळ उभी राहिले. नावं आहेत का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, मला तरी माहीत नाहीत. मग त्यांनी आपणहून अजून एक सांगितलं, या घरात शेवटची राहिली ती डचेस एव्हलिन, १९६० ला वारली, ती इथल्या टॅपेस्ट्रीज स्वतः बसून दुरुस्त करायची, वर्षानुवर्षं. घर तोवर सरकारकडून ट्रस्टकडे गेलं होतं. १९५० ला तिचा मुलगा, तेव्हाचा ड्यूक, वारला तेव्हा वारसा कर ऐंशी टक्के लागला, तो फेडायला कुटुंबानं हार्डविकच देऊन टाकलं. तरी ती डचेस शेवटपर्यंत तिथं राहिली आणि टाके घालत राहिली. आणि नंतर गिडियनचे तेरा पडदे धुवून, सांधून परत लावायला ट्रस्टला २४ वर्षं लागली, २०२३ ला काम संपलं. धुवायला बेल्जियमला पाठवले, म्हणजे जिकडं विणले गेले तिकडंच. हे ऐकताना माझ्या मनात आलं की पडदे पण माहेरी जाऊन आले.

परतताना डर्बी कॅथीड्रलमध्ये थांबले. बेसची समाधी तिथं आहे, तिनं जिवंतपणीच करून घेतलेली, दगडी बाई हात जोडून आडवी. माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर, कितीदा गेलेय. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कपड्यांच्या चुण्या नीट बघितल्या, दगडातल्या.

घरी येऊन आईला फोन लावला. तिकडं रात्र झालेली, पण ती जागी होती. सगळं सांगितलं, मोतद्दार, बायका, पोरं, एकच कारागीर, भांडणाच्या कागदात लिहिलेलं. आधी त्या दिवसाबद्दल बोलायचं असं ठरवलं होतं, चुकलं माझं असं म्हणायचं होतं, पण ती मधे मधे इतके प्रश्न विचारत होती, पोरं केवढी होती, जेवायला मिळायचं का त्यांना, दोरा रेशमाचा का सुती, की ते तसंच राहिलं. निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ती लिहून घेतली, पुढच्या वेळी विचारीन. मग ती म्हणाली, "खिडकीला पांघरूण टाकायची म्हणालीस ना ती बाई? तुझ्या बेडरूमच्या खिडकीतनं पण वारा येतो. मी होते तेव्हा रात्री पाय गार पडायचे." मी म्हटलं, हो गं, जुनी खिडकी आहे, बदलायचीय. "बदलशील तेव्हा बदल. वाकळ घेतलीय शिवायला. आतून बाबांची धोतरं लावलीत. वरून ती इरकल." 

मी काही बोलले नाही.

"निळी," ती म्हणाली. "पडूनच होती. कापताना बघितलं, सूत चांगलं आहे अजून. डिसेंबरात येतेयस ना, बॅगेत जागा ठेव."